मुंबईला पाहून घेऊ!

आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून मुंबईला जाणं चालू आहे. म्हणजे अजून कोणी गेलेलं नाही. पण जाणं मात्र जोरात चालू आहे. अमरावतीच्या माणसाला मुंबईला जायला गाडीत एक रात्र लागते आणि ठरवायला चार महिने लागतात. संध्याकाळी गाडीत बसावं, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला करत शेगावला खिडकीतूनच गजानन महाराजांना हात जोडावेत, भुसावळच्या आत डबा संपवून आडवं व्हावं आणि उजाडायच्या सुमारास मुंबईत उतरावं. इतकं ते सोपं आहे. अवघड आहे ते घरातल्या घरात.

जाणारे आम्ही सहा जण. मी, आमची ही, माझी आई, अकोल्याची ताई, भाऊजी आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा. भाचा कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्यानं मला तीनदा समजावून सांगितलं आणि मी तिन्ही वेळा "असं होय!" म्हटलं. मी स्वतः पस्तीस वर्षं बँकेत काढली. भाऊजी अकोल्याला एका शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून घरात कोणी उशिरा उठलं की ते "कारण?" असं विचारतात.

तर या सहलीचं नियोजन भाऊजींनी स्वतःकडे घेतलं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला म्हणून आले ते बगलेत एक रजिस्टर घेऊनच आले. रजिस्टर शाळेचं, उरलेलं. पहिल्या पानावर लाल शाईनं ठळक अक्षरांत लिहिलं होतं : "मुंबई दर्शन : नियोजन आराखडा". खाली तक्ता. तक्त्यात तासिका. पस्तीस मिनिटांच्या. म्हातारीचा बूट, एक तासिका. राजाबाई मनोरा, बाहेरून, अर्धी तासिका. गेट वे ऑफ इंडिया, एक तासिका, फोटोसह. मग मधली सुट्टी.

मी स्थळं मोजली. सत्तावीस भरली. दिवस चार. बँकेतली सवय, म्हणून भागाकार केला. रोज पावणेसात स्थळं येत होती.

"भाऊजी," मी म्हटलं, "पाऊण स्थळ कसं पाहायचं?"

"हँगिंग गार्डन गाडीतूनच पाहू," भाऊजी म्हणाले. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं.

वाचकहो, माझं भांडण इथून सुरू झालं. भाऊजींशी नाही हो; भाऊजी देवमाणूस आहेत, आणि शिवाय बहिणीचा नवरा आहे. माझं भांडण आहे ते या यादीशी. कारण ही यादी एकट्या भाऊजींची नाही. ती तुमच्याही घरात आहे. मुंबईला निघालेल्या प्रत्येक वऱ्हाडी माणसाच्या खिशात ती असते आणि ती त्यानं स्वतः केलेली नसते.

मी जरा चौकशी केली तेव्हा कळलं, की भाऊजींची मूळ यादी १९८४ साली त्यांनी नेलेल्या शाळेच्या सहलीची. ती त्यांनी त्यांच्या आधीच्या सरांकडून उतरवून घेतलेली. त्या सरांनी कुठून घेतली, ते मोहेंजोदडोचं उत्खनन करणाऱ्यांना विचारायला हवं. त्या यादीत "लाल डबल डेकर, वरचा मजला, पुढची सीट" हेही एक स्थळ होतं. भाच्यानं मोबाइलवर पाहून सांगितलं, की डिझेलवरची शेवटची डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ ला मोडीत निघाली. आता आहेत त्या विजेवरच्या, गार हवेच्या, काचा बंद असलेल्या. भाऊजींनी क्षणभर चष्मा काढून पुसला आणि तक्त्यात त्या ओळीपुढे "गैरहजर" असं लिहिलं.

तेव्हा मला एकदम उमगलं. याला आपण सहल म्हणतो, पण ही हजेरी आहे! गेट वे? हजर. राणीची बाग? हजर. चौपाटी? हजर, भेळेसह. आपण मुंबई पाहायला जात नाही. मुंबई जागेवर आहे की नाही, एवढं तपासून येतो. आणि आल्यावर शेजारी विचारतात, "काय काय पाह्यलं?" तेव्हा सत्तावीस नावं एका दमात म्हणून दाखवतो. पाढे म्हणावेत तशी. त्यात एखादं राहिलं, तर शेजारी म्हणतात, "अरेरे, मग काय पाह्यलं तुम्ही!" म्हणजे सव्वीस ठिकाणी तंगड्या तोडल्या त्या वाया.

बरं, हजेरी घ्यायची तर मुलं तरी शाळेत हवीत ना? आराखडा रविवार ते बुधवार असा होता. सोमवारी घारापुरी. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. बुधवारी राणीची बाग. बुधवारी राणीची बाग बंद असते. भाऊजींनी दोन्ही दिवस असे अचूक हेरले होते, की मुद्दाम करायचं म्हटलं असतं तरी जमलं नसतं. मी हे दाखवून दिलं तेव्हा ते म्हणाले, "बाहेरून पाहू." घारापुरी बाहेरून! तासभर लाँचमध्ये बसून समुद्रातल्या बेटापर्यंत जायचं आणि लेण्याला बाहेरून नमस्कार करून परत फिरायचं! आणि ते तरी कसलं लेणं? पाच-सहा मीटर उंचीची शंकराची तीन मुखं एका अंधाऱ्या खडकात कोरून ठेवली आहेत आणि हजार-दीड हजार वर्षं ती तशीच शांत बसली आहेत. त्यांना आपली पस्तीस मिनिटं!

आता गेट वे घ्या. मला गेट वेबद्दल आकस नाही. पण त्याची हकिकत मला आपल्या घरच्यासारखी वाटते. पंचम जॉर्ज राजा मुंबईला उतरला १९११ साली. त्याच्या स्वागतासाठी दरवाजा बांधायचं ठरलं. दरवाजा पुरा झाला १९२४ साली. पाहुणा येऊन, जेवून, परत जाऊन तेरा वर्षं झाली, तेव्हा मांडव तयार! आमच्याकडे नदीवरचा पूल पूर येऊन गेल्यावर मंजूर होतो, तेव्हा आपण उगाच आपल्याच लोकांना नावं ठेवतो. पुढे १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांची शेवटची पलटण याच दरवाजातून जहाजाकडे गेली. म्हणजे दरवाजा कामाला आला तो येताना नव्हे, जाताना. ही गोष्ट ऐकून तो पाहिला तर मजा आहे. पण तक्त्यात लिहिलं होतं काय? "फोटोसह."

या यादीमागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला खरी टोचते. ती म्हणजे मुंबईला जाताना आपला होणारा अवतार. बडनेऱ्याला "जाऊन राह्यलो" म्हणणारा भला माणूस कल्याण आलं की "जातोय" म्हणायला लागतो. "काहून" गिळतो आणि "का बरं" म्हणतो. पाकीट आतल्या खिशात, आतल्या खिशावर हात, हातावर दुसरा हात. टॅक्सीवाल्याला अहोजाहो करतो. मुंबईचे नातेवाईक "वऱ्हाडचे का? वऱ्हाड निघालंय लंडनला!" असं म्हणून हसतात, तेव्हा आपणही हसतो. अरे बाबा, ते लक्ष्मण देशपांड्यांचं नाटक, आणि देशपांडे मराठवाड्याचे, आणि त्यातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं! आमचं वऱ्हाड कापसाचं. पण हे सांगायचं आपल्याला धैर्य होत नाही. आपण मुंबईत पाहुणा म्हणून जात नाही, उमेदवार म्हणून जातो. मुलाखतीला गेल्यासारखे.

उलट मुंबईच्या माणसाचं बघा. आमचे मुंबईचे एक नातेवाईक आहेत. तीस वर्षांत एका लग्नाखेरीज अमरावतीला आले नाहीत. उन्हाळ्यात ऊन फार, पावसाळ्यात चिखल फार आणि हिवाळ्यात रजा नाही. परवा फोनवर म्हणाले, "या ना, जरूर या. पण एकदम सहा जण म्हणजे..." आणि मग, विषय बदलावा म्हणून, "काय हो, तुमच्या अमरावतीला पाहण्यासारखं काय आहे?"

मी काय सांगणार? चिखलदरा सांगू, नरनाळा सांगू, की गाविलगड सांगू? मी म्हटलं, "द्वारकेचा श्रीकृष्ण आला होता." कारण आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात, की रुक्मिणी कौंडण्यपूरची आणि भगवंतांनी तिला पळवलं ते अंबादेवीच्या देवळातून. द्वारका म्हणजे त्या काळची समुद्रकाठची मोठी नगरीच की! सोन्याची म्हणे. तिथला राजा आमच्याकडे आला. ऊन आहे की चिखल आहे हे त्यानं विचारलं नाही. रजेचं मात्र माहीत नाही.

आणि मुंबईचं सरकार? १९५३ च्या नागपूर करारात ठरलं, म्हणून ते वर्षातून एकदा हिवाळ्यात नागपूरला येतं. थंडी चांगली असते, संत्री आलेली असतात, हुरड्याचे दिवस असतात. त्याला मात्र सहल म्हणत नाहीत. त्याला अधिवेशन म्हणतात.

तर अशी बैठक रंगात आली होती. भाऊजी तासिका कापत होते, ताई सिद्धिविनायक पहाटे घ्यायचा की रात्री यावर बोलत होती, आमची ही दादरच्या साड्यांसाठी दीड दिवस मागत होती, आणि भाचा कानात बोंडं घालून बसला होता. कापसाची नव्हेत, गाण्याची. आणि कोपऱ्यातल्या पलंगावरून आई म्हणाली,

"मले कोनी इचारत नाई, पन मी सांगतो. मले दोनच गोष्टी पाहाच्या हायेत."

सगळे गप्प झाले. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिनं आजवर काही पाहायचं आहे असं म्हटल्याचं कोणालाच आठवत नव्हतं.

"एक तं समुद्र. दर्यापूरची हावो मी. जल्मभर खारं पानी पेलं. एवढं खारं पानी एका जागी कसं दिसते, ते पाहू द्या."

आता वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की पूर्णेच्या खोऱ्यात आमचा खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे आणि तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. आईचं माहेर त्यातलं. म्हणजे गावाच्या नावात दर्या आहे, विहिरीत खारं पाणी आहे. नव्हता तो फक्त समुद्र.

"आन् दुसरं?" भाऊजींनी पेन सरसावलं.

"तुमचे सासरे गठानीवर मुंबईचं नाव घालत. त्या गठानी कुठी जात, ते पाहाचं हाये."

भाऊजींनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. सत्तावीस स्थळांत ते नव्हतं.

माझे वडील अकोल्याला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कारकून होते. हंगाम लागला, की बंड्या भरभरून कापूस यायचा, काट्यावर चढायचा, कट्टी कापून उतरायचा. जिनात सरकी निघायची आणि प्रेसमध्ये रुईची गाठ बांधली जायची. गाठीला तरट, तरटावर लोखंडी पट्ट्या, आणि तरटावर काळ्या शाईचा छाप : मार्का, नंबर, वजन आणि कुठे जायची त्या गावाचं नाव. ते वडिलांचं काम. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवरची शाई दिवाळीला लागायची ती अक्षय्य तृतीयेपर्यंत जायची नाही. मालगाडी भरून निघाली, की ते म्हणत, "हे चालले मुंबईले. आपलं मागून." दरवर्षी म्हणत, "हंगाम संपला की जाऊ." हंगाम संपायचा, आणि त्याबरोबर पैसेही संपायचे. वडील गेले ते मुंबई न पाहताच. त्यांनी मुंबईला पाठवलेल्या गाठी रांगेनं मांडल्या तर कुठवर पोचतील, हे मला माहीत नाही. पण त्यांच्यापेक्षा पुढे पोचतील एवढं नक्की.

भाऊजी म्हणाले, "आई म्हणतात ते ठीक. पण तिथे पाहण्यासारखं काय असणार?"

आणि इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. कारण वाचकहो, मी हिशेब मांडून सांगतो : मुंबई आपली कर्जदार आहे. आणि आपण मात्र कर्जदाराकडे जाताना चपला बाहेर काढतो!

१८५३ साली निजामानं आपल्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिलं. म्हणजे मुळात आपणच तारण! इंग्रजांना वऱ्हाडात काय दिसलं? काळी माती आणि पांढरं बोंड. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि मँचेस्टरचे डोळे इकडे वळले. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर लोक वेडे झाले. आणि १८६५ साली अमेरिकेतलं युद्ध थांबलं तसा सगळा फुगा फुटला, भले भले बुडाले. आता आमचं नशीब बघा. आमचा कापूस न्यायला आगगाडी टाकली. ती नागपूरपर्यंत पोचली १८६७ साली. म्हणजे भाव पडल्यावर! माल दारात आला की भाव पडायचा, ही वऱ्हाडची रीत तेव्हापासूनची आहे. आजही शेतकऱ्याच्या घरात कापूस असतो तोवर भाव झोपतो, आणि तो विकून झाला की उठून बसतो.

आज जिथे हॉर्निमन सर्कलची बाग आहे ना, त्या मैदानात एके काळी कापसाच्या गाठींचे ढीग लागत. मग तो बाजार कुलाब्याला गेला. ससून डॉक १८७५ साली बांधला तो कापसाच्या व्यापारासाठी. आता तिथे मासळी उतरते. पुढे बाजार शिवडीच्या बाजूला हलला, आणि त्या जागेचं नाव आजही कॉटन ग्रीन. हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्या मधोमध त्या नावाचं स्टेशन आहे. कापूस बाजाराची जुनी इमारत तिथे आहे. रोज हजारो लोक त्या स्टेशनवर चढतात-उतरतात आणि कॉटन म्हणजे कोणतं कॉटन, हे कोणी विचारत नाही.

गिरण्यांचं तर विचारूच नका. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली गिरणी उभारायला घेतली, आणि मग गिरणगावच उभं राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरण्या एकामागून एक गप्प झाल्या. भाचा मला परळचा मॉल दाखवणार आहे. त्याला मी सांगितलं, "बाळा, तू जिथे मला सरकता जिना दाखवणार, तिथे गिरणी होती." तिथे एक सुती शर्ट दोन हजाराला मिळतो म्हणे. कापूस आमच्याकडून जातो तो किलोवर आणि परत येतो तो नगावर! या दोन मापांच्या मध्ये काय झालं ते पाहायचं असेल, तर मुंबईला जरूर जावं. एरवी सरकता जिना आता अमरावतीतही आहे.

भाऊजी इतिहासाचे मास्तर. ते सहजी ऐकणार नाहीत. म्हणाले, "एकट्या वऱ्हाडच्या कापसावर मुंबई झाली असं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे. खानदेशचा कापूस होता, गुजरातचा होता. आणि अफूच्या व्यापाराचा पैसाही होता."

अगदी कबूल. मी सगळी मुंबई मागत नाही. आमच्या वाट्याची पाहू द्या, एवढंच म्हणतो. अफू माळव्याची होती. तिचा हिशेब माळव्याच्या लोकांनी जाऊन घ्यावा.

"आणि ते राजाबाईचा मनोरा तुम्ही बाहेरून, अर्ध्या तासिकेत ठेवला आहे ना," मी म्हटलं, "तो कोणाचा?" प्रेमचंद रायचंद म्हणजे कापसाच्या व्यापारातले बडं प्रस्थ. त्यांनी पैसा दिला आणि विद्यापीठाच्या आवारात दोनशे ऐंशी फुटांचा मनोरा उभा राहिला, १८७८ साली पुरा झाला. त्याला नाव दिलं आपल्या आईचं. राजाबाई. कापसाच्या पैशातून एका माणसानं आईच्या नावानं मनोरा बांधला. कापसाच्याच पगारातून दुसऱ्या माणसाला बायकोसाठी मुंबईचं तिकीट काढता आलं नाही. दोघांच्याही हातून गेला तो कापूसच. शेतात वाकून तो वेचला, त्या बायांचं नाव तर कुठल्याच दगडावर नाही. माझी आई लग्नाआधी माहेरच्या वावरात वेचणीला जात असे. बोंडाच्या काट्यांनी बोटं कशी फाटतात, ते तिनं मला लहानपणी दाखवलं आहे. तो मनोरा मला तिला दाखवायचा आहे. बाहेरून का होईना. पण अर्ध्या तासिकेत नाही.

खोलीत जरा शांतता झाली. मग आमची ही म्हणाली, "सगळं खरं. पण म्हणून आम्ही चार दिवस गोदामं पाहत फिरायचं का? मला काय प्रेसमध्ये नोकरी करायची आहे?"

हा आक्षेप खरा. मी कापसाची यादी करून ती इतरांच्या गळ्यात मारली, तर माझ्यात आणि भाऊजींच्या त्या आधीच्या सरांत फरक काय राहिला? मुंबईत वऱ्हाडी माणसानं कापूसच पाहावा असा काही माझा फतवा नाही. माझं म्हणणं इतकंच, की जाणाऱ्यानं आपलं काहीतरी घेऊन जावं. एखादा प्रश्न, एखादी जुनी हौस, एखादी राहून गेलेली गोष्ट. मग ते ठिकाण यादीत असो वा नसो.

म्हणून मी ठराव मांडला. प्रत्येकानं एकच जागा सांगायची, आणि का, तेही सांगायचं. आईला वयपरत्वे दोन. रजिस्टरचं नवं पान उघडलं.

ताईनं सिद्धिविनायक म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाली, "राणीची बाग." का? तर चौथीत असताना शाळेची सहल मुंबईला गेली होती आणि हिला आदल्या दिवशी गोवर निघाला. मैत्रिणींनी येऊन हत्तीचं वर्णन केलं ते हिनं पडल्या पडल्या ऐकलं. साठ वर्षं हे पोटात होतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. भाऊजींनी घारापुरी मागितली, पूर्ण दिवस, बाहेरून नव्हे. म्हणाले, "तीस वर्षं ते लेणं फळ्यावर शिकवलं. एकदा आत जाऊन गप्प उभं राहायचं आहे." भाऊजी आणि गप्प! ताईनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या हीनं दादरची बाजारपेठ मागितली, आणि कारण विचारल्यावर "कारण कशाला लागतं?" असं म्हणाली. ते मंजूर झालं. मी राजाबाईचा मनोरा घेतला. भाच्यानं कानातली बोंडं काढली आणि म्हणाला, "मला काहीच नको, मामा. मी आजीजवळ समुद्रावर बसतो. तिला जितका वेळ बसायचं असेल तितका."

म्हणजे जागा झाल्या सहा. दिवस चार. रोज दीड. भागाकार पहिल्यांदाच माणसासारखा आला. शिवाय घारापुरी मंगळवारी आणि राणीची बाग सोमवारी अशी अदलाबदल करून भाऊजींनी दोघांनाही हजर करून घेतलं. मुंबईच्या नातेवाइकांना मी कळवलं, की आम्ही दादरला लॉजमध्ये उतरणार आहोत, काळजी नसावी. त्यांच्या आवाजात एकदम इतका जिव्हाळा आला, की विचारू नका. जेवायला बोलावलं आहे. सहाही जणांना.

आता काही जण म्हणतील, इतक्या लांब जाऊन सहाच ठिकाणं पाहिली, हे काही वसूल झालं नाही. त्यांना माझं नम्र उत्तर असं, की मी पस्तीस वर्षं वसुलीच केली आहे. ज्या घरी सत्तावीस वेळा उभ्या उभ्या गेलो तिथून काही निघालं नाही. ज्या घरी एकदा निवांत बसलो, चहा घेतला, म्हाताऱ्यांची चौकशी केली, तिथून थकबाकी आली. तिकिटं हल्ली साठच दिवस आधी मिळतात. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी एकशेवीस दिवस मिळत. भाऊजींचं म्हणणं, आराखड्याला साठ दिवस कमी पडतात. मी म्हणतो, ज्याला आपल्याला काय पाहायचं आहे ते ठाऊक आहे, त्याला साठ मिनिटं पुरतात.

तिकिटं आली आहेत. आईनं एक पिशवी भरून ठेवली आहे. तिच्यात काय आहे म्हणून परवा मी चोरून पाहिलं. एक नऊवारी, गजानन महाराजांची पोथी, चिवड्याचा डबा, आणि रुमालात बांधलेली कापसाची पाच-सहा बोंडं.

"हे कायले वं माय?" मी विचारलं.

"समुद्र पाहाले जाऊन राह्यलो आपन," आई म्हणाली. "कोनाच्या घरी रिकाम्या हातानं जात असतेत का?"